बजावणी

तिसऱ्यांदा पिंपळखुट्याला.
गाडीच्या डिकीत नोटीस, डिंकाची बाटली, फडक्यात भाकर.
दोन्ही अंगांनी वेचून झालेली पऱ्हाटी,
बोंडांची टरफलं उन्हात काळी.

आदेश मला पाठ आहे:
दुसरा आणि चौथा शनिवार, अकरा ते चार,
दारव्ह्याच्या कोर्टातली मागची खोली,
जिथं प्लास्टिकचा घोडा आहे, एका कानाचा.
अर्जदार आई, ज्योत्स्ना.
गैरअर्जदार प्रफुल वल्द महादेव.
मूल अंशुल, वय सात वर्षे चार महिने.

सात शनिवार झाले.
सातही वेळा ती आली, यवतमाळहून पहिल्या एसटीनं,
जिनिंगमधली रोजी बुडवून.
घोड्यासमोर बसली, चारला उठली.
आधी पोराला ताप होता.
मग कोणाचं तरी लग्न. मग गाडी पंक्चर.
मग पुन्हा ताप, जुन्याच चिठ्ठीवर नवी तारीख.
ठाण्यात गेली, तर जमादार म्हणाले,
बाई, हे दिवाणी हाये,
आमी काय पोट्टं उचलून आनावं?

दिवाणीतून मी निघतो.

घराला कुलूप, बाहेरून, नवंकोरं.
अंगणात चुलीवरच्या गंजातून वाफ निघत होती.
शेजारचा म्हातारा म्हणाला, गावाले गेले सारे,
आणि हे म्हणताना तो खिडकीकडं पाहत नव्हता,
इतका ठरवून पाहत नव्हता
की मी पाहिलं.

आत कोणी तरी पाढा म्हणत होतं.
सात चोक अठ्ठावीस, सात पाचे पस्तीस…
मी कडी वाजवली.
पुढचं आलं नाही.

मग खिडकीच्या फटीत एक डोळा.
"कोर्टातले का तुमी?"
हो म्हटलं.
"मी घरी नाई."
थोडं थांबून, "आत्यानं सांगतलं, असं म्हन म्हनून."
मग अगदी हळू,
"माय संग आली काय?"

नाही, म्हटलं. खरं तेच सांगितलं,
तरी फाटकाजवळ जाऊन थुंकलो.

चौकटीवर कोळशाच्या रेघा होत्या.
खालच्या चार बाईमाणसाच्या अक्षरात, तारखांसकट.
वरच्या दोन बिनतारखेच्या, खिळ्यानं ओरखडलेल्या,
वाकड्या.
स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून
एकट्यानं काढलेली रेघ सरळ कशी येणार?

नियम म्हणतो, दर्शनी भागावर चिकटवा.
दर्शनी भाग तोच.
मी नोटीस फळीवर नेली, तिरकी,
कड दुमडली, रेघा मोकळ्या ठेवल्या.
डिंक बोटांना संध्याकाळपर्यंत होता.

अहवालात सहा रकाने. सहाव्यात लिहिलं:
'घर कुलूपबंद. मुलाने आतून सांगितले
की तो घरी नाही.'
नाझर म्हणाले, ढोरे, असं लिहितात का?
म्हटलं, जसं घडलं तसं.
साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला.
वॉरंट काढायचं की नाही, ते सतरा तारखेला.

ती व्हरांड्यातल्या बाकावर होती,
मांडीवर शेंगांची पिशवी.
पक्षकाराशी बोलायचं नसतं मला.
समोरून गेलो, मागं फिरलो,
हात कमरेच्या थोडा वर आडवा धरला.
इथवर, म्हटलं.

माझ्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडं
ती पाहत राहिली, जणू तिथं धुळीचा भांग पाडायचाय.
मग उठली, खाली आपला पंजा आडवा लावला,
बोटं मोजली.
"दिवाळीपासून दोन," म्हणाली. "दोनच ना?"

आतून नाझरांनी हाक मारली.
हात खाली घ्यावा लागला.